कोरी नोंदवही

१२ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

तुझ्या ताईने माझा फोन धान्याच्या डब्यात ठेवला आहे. मागच्या खेपेला आपण दोघं ज्या आवाजात बोललो, त्यानंतर दोन दिवस गायींनी पान्हा चोरला, असं तिचं म्हणणं. तेव्हा यापुढे भांडायचं ते कागदावर, असा हुकूम आहे. तू तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आवाज माझाच मोठा होता हे ठरलेलं.

तुमच्या कंपनीच्या 'कुरणाच्या दुधा'च्या योजनेला अकरा महिने झाले. कसं चाललंय म्हणून तू विचारलं होतंस. किळस येते, असं चाललंय. माझ्या चौदा गायी जन्मभर सिमेंटवर उभ्या राहून पेंड खाणाऱ्या. कंपनीचा नियम म्हणून त्यांना कुरणात सोडलं, तर पहिले आठ दिवस सगळ्या फाटकाकडे तोंड करून बसची वाट बघितल्यासारख्या उभ्या. गायीला गवत खायला शिकवणारा मी पहिलाच गाढव असेन. मग खायला लागल्या, तर चिखलाने खुरं कुजली. चाकूच्या टोकाने खुरातला पू काढताना जो वास येतो, तो अजून माझ्या नखांत आहे. दूध निम्म्यावर आलं. वासरं आईपाशी ठेवायची हा दुसरा नियम, त्यामुळे उरलेल्या निम्म्यातही ती वाटेकरी. शेण धुऊन ओढ्यात सोडायचं नाही, खड्ड्यात कुजवायचं आणि दर आठवड्याला फावड्याने खालीवर करायचं. ते करून आलो की तुझी ताई मला ताट अंगणात आणून देते आणि स्वतः दाराआड उभी राहून बोलते.

तरी मी मागे फिरणार नाही. वीस वर्षं त्या ओढ्याचं गटार मीच केलं. दोन उन्हाळ्यांमागे पोट वर करून तरंगणारे मासे मी टोपलीने उचलले होते. तो वास खुराच्या पुवापेक्षा वाईट होता, आणि तो माझाच होता.

गटात आम्ही अकरा घरं. सगळ्यांत खमकी म्हणजे शेजारची शिवणबाई. दिवसभर शिलाई मशीन, सकाळ-संध्याकाळ चार गायी, घरात दुसरं माणूस नाही. तुम्ही दिलेली नोंदवही आम्ही बाकीचे महिनाअखेरीला एका बैठकीत भरतो. ही बाई रोज लिहिते. गायीला औषधाची सुई टोचली, लिहिलं. गायीच्या पायाला लाल पट्टी बांधली, लिहिलं. औषध उतरेपर्यंत सात दिवस त्या गायीचं दूध वेगळं काढून खड्ड्यात ओतलं, तेही लिहिलं. लोक हसतात तिला. मीही हसतो.

आमच्या भुरी गायीची कास सुजते आहे. तुमच्या माणसाने सांगितलेला पाला वाटून लावतोय. बघू.

दाजी

२० फेब्रुवारी

दाजी,

तुमचं पत्र मी कचेरीत उघडलं आणि शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली की खिडकी उघडू का. इतकं खरं लिहीत जाऊ नका.

आता कामाचं. सहा मार्चला आमचे मोठे साहेब आणि दुकानवाले मिळून सात जण एक गोठा बघायला येणार आहेत. मी तुमचा गोठा सुचवला आहे. घरचा म्हणून नव्हे. बरं, घरचा म्हणूनच. अकरा घरांत तुमच्याइतकं कुरण कुणाचंच नाही, आणि तुमच्या वहीत आजवर एकाही सुईची नोंद नाही. 'वर्षभरात एकही सुई नाही' असा फलक छापायचा ठरलाय. त्यावर तुमचा आणि गायीचा फोटो, तो त्याच दिवशी काढायचा. खाली नावं टाकायची नाहीत म्हणे, नाहीतर दोघांतला दाजी कोण ते कळलं असतं. (हा विनोद होता.)

एकच विनंती. तोपर्यंत वही कोरी राहू द्या. भुरीला पाल्यावरच ठेवा. आणि समजा द्यावीच लागली सुई, तर पाहुणे गेल्यावर लिहा. शाई काही वाळून जात नाही. माझी बढती या एका दिवसावर आहे, दाजी. ताईला सांगू नका, ती आतापासून सगळ्यांना सांगत सुटेल.

तुमचा मेहुणा

९ मार्च

मेहुणेबुवा,

उंटावरून शेळ्या हाकणारे फक्त ऐकले होते, या वेळी पाहिले.

सातही जणांनी पायांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या होत्या. गोठ्यात शिरताना एकेकाने असा श्वास रोखला, जसं काही पाण्यात बुडी मारायची आहे. एकीने विचारलं, गायींना आवडतं का इथे? मी म्हटलं, अजून कुणी तक्रार केली नाही. ते तिने लिहून घेतलं. फोटोवाल्याने गायीच्या मागचं शेण काढायला लावलं, आणि तेवढ्याने भागेना म्हणून दोरीवरचा माझा अंग पुसायचा पंचा घेऊन गायीचं बूड पुसलं. पंचा मला परत दिला, घडी करून. तुझे मोठे साहेब कासंडीला तोंड लावून दूध पितानाचा फोटो तू पाहिला असशील. छान हसलेत. फोटो झाल्यावर ते गोठ्यामागे जाऊन थुंकले, चूळ भरली आणि रुमालाने जीभ पुसली. हे मी पाहिलं. जे दूध तुम्हाला गिळवत नाही, ते लोकांच्या लेकरांना पाजायला निघालात.

नंतर त्यांना मावळतीच्या उजेडात कुरण बघायचं होतं. ते अंधार पडेपर्यंत हलले नाहीत. संध्याकाळच्या धारा तुझ्या ताईने एकटीने काढल्या, तिची पाठ धरली आहे.

वही त्यांनी चाळली. कोरी होती. भुरीची कास उतरली. पाल्याने गुण आला असं तुला लिहायचं तर लिही.

दोन दिवस अन्न समोर आलं की मळमळतं. पोट बिघडलं असेल.

दाजी

१६ मार्च

दाजी,

एक वाईट बातमी आहे, पण निस्तरली.

सहा तारखेच्या संध्याकाळचा तुमच्या गटाचा टँकर तपासणीत नापास झाला. दुधात औषधाचा अंश निघाला. नेमकं त्या दिवशी पाहुण्यांच्या गडबडीत टँकरवरच्या माणसाने घरोघरच्या दुधाच्या नमुन्याच्या वेगळ्या बाटल्या भरल्याच नव्हत्या, त्यामुळे दूध कुणाचं ते शोधायला अकराही नोंदवह्या मागवल्या. दहा वह्यांत औषधाचा रकाना कोरा. अकरावीत, अठ्ठावीस फेब्रुवारी, सुई. तुमची शिवणबाई.

तिने लिहिलंय की सात मार्चपर्यंत त्या गायीचं दूध खड्ड्यात ओतलं. पण असं कोण ओततं, दाजी? एक-दोन दिवस ओतलं असेल, मग जीव तुटला असेल, टाकलं असेल कॅनमध्ये. अहवाल मीच लिहिला. तिचं घर गटातून काढलं आहे, टँकर आता तिच्या दारात थांबणार नाही. मोठ्या साहेबांनी तुमची वही हातात घेऊन सगळ्यांना दाखवली. अशी माणसं पाहिजेत, म्हणाले. फलक लागले आहेत. भुरी फार गोड आली आहे.

पोट कसं आहे?

तुमचा मेहुणा

२५ मार्च

मेहुणेबुवा,

तो टँकर कुठे रिकामा केला ते तुला कळवलं नसेल कुणी. दूध संकलन केंद्रामागच्या खाणीत. तुझं पत्र आल्यावर दोन दिवसांनी मी तिकडून गेलो. वर पिवळी साय धरली होती, तिच्यावर माश्या, आणि कडेला लोक नाक धरून उभे राहून शिवणबाईला शिव्या देत होते. दहा घरांचे लोक. त्यांच्यात मीही उभा होतो.

तुझ्या अहवालाने काय झालं ते सांगतो. शिवायला टाकलेले कपडे बायका न शिवता परत घेऊन गेल्या. जी दुधात घाण कालवते तिच्या हातचं अंगावर नको, असं बोलल्या. टँकर यायच्या वेळेला ती अजून रोज कॅन घेऊन रस्त्याला उभी राहते. ड्रायव्हर वेग वाढवतो. कागदावर काट मारली म्हणून गाय दूध द्यायची थांबत नाही, तेव्हा ते दूध ती घरामागे नेऊन ओतते. परवा तिच्या दोन गायी व्यापारी घेऊन गेला. राहिलेल्या दोन महिनाभरात जातील. चारा कशाच्या जोरावर घालायचा तिने?

असं कोण ओततं, म्हणालास. ती ओतते. तिच्या खड्ड्याला माझं कुंपण लागून आहे. सातही दिवस मी डोळ्यांनी पाहिलंय, सकाळी आणि संध्याकाळी, बादली पालथी करून वर बोटाने पुसून काढताना. तुझा अहवाल म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी आहे. तो मागे घे. पुन्हा चौकशी लाव.

दाजी

१ एप्रिल

दाजी,

शिवणबाईंचा एवढा कैवार? ताईला कळवू का?

हसण्यावारी नेतोय, कारण तुमचं पत्र वाचून मला थोडी भीती वाटली. तुम्हाला ही योजनाच नकोशी झाली आहे, हे मी पहिल्या पत्रापासून ओळखून आहे. दूध कमी, काम जास्त, वर माझी कटकट. पण म्हणून माझ्या सहीच्या कागदावर बोट ठेवू नका. कागद वरपर्यंत गेला आहे, नुसतं मनाला वाटतं म्हणून तो परत येत नाही. चोर सोडला म्हणता, तर चोराचं नाव लिहा. मी बघतो.

तुमचा मेहुणा

६ एप्रिल

नाव लिहितो. तुझ्या बहिणीचा नवरा.

तीन मार्चला भुरीच्या सडातून दूध येईना, दह्याच्या गाठी आणि रक्त आलं. कासेला हात लावला की ती थरथरायची. बसत नव्हती, रवंथ नव्हतं. तुझा तो पाला मी आधीच्या रात्री उकिरड्यावर फेकला होता. गुरांच्या डॉक्टरकडून औषध आणून सुई दिली. त्यात चूक काही नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन. नियमात बसतं ते. पायाला लाल पट्टी बांधली, दूध वेगळं काढलं. वहीत मात्र लिहिलं नाही, कारण तू सांगितलं होतंस आणि मला ते सोयीचं वाटलं.

सहा तारखेला सकाळी फोटोवाला गोठ्यात शिरायच्या आधी माझं लक्ष त्या पट्टीकडे गेलं. फोटोत दिसली असती. मी ती सोडली आणि खिशात घातली. फोटो झाला की बांधू, असं ठरवलं होतं. पण तुझे पाहुणे मला कुरणात घेऊन गेले आणि अंधार पडेपर्यंत सोडलं नाही. तुझी ताई धारांना बसली. भुरीच्या पायाला पट्टी नाही, म्हणजे दिवस भरले असं समजून तिने ते दूध मोठ्या कॅनमध्ये ओतलं. तिची काय चूक? आमच्या घरात पट्टी बांधणारा आणि सोडणारा मीच.

मी परत आलो तेव्हा टँकर नुकताच गेला होता. ताईला विचारलं, भुरीचं कुठे ठेवलंस? ती म्हणाली, घातलं की सगळ्यांत. मी स्वयंपाकघरात गेलो, डब्याचं झाकण काढलं, फोन हातात घेतला. केंद्रावर एक फोन केला असता तर टँकर तिथेच अडवला असता, फार तर माझं नाक कापलं गेलं असतं. बाहेर तुझे साहेब गाडीत बसत होते. मी फोन परत डब्यात ठेवला.

सगळ्यांत शिसारी मला कशाची येते, सांगू? तू सोळा तारखेच्या पत्रात शिवणबाईचं नाव लिहिलंस, ते वाचून मला आधी हायसं वाटलं. त्यानंतर वाईट वाटलं. आधी हायसं वाटलं.

माझी वही कोरी म्हणून मी स्वच्छ, आणि तिने खरं लिहिलं म्हणून ती घाण. मी पंचवीस तारखेला तुला जे शूरासारखं लिहिलं, तेही खोटंच होतं. तुला चौकशी लावायला सांगून मी आपला नामानिराळा.

ताईला काल सांगितलं. ती उठून मोरीवर गेली आणि साबणाने हात धुतले. थोड्या वेळाने परत जाऊन पुन्हा धुतले.

पंधरा तारखेला गटाची बैठक आहे. त्याआधी तू अहवाल दुरुस्त केलास तर ठीक. नाहीतर मी बोलणार.

दाजी

११ एप्रिल

दाजी,

पत्र वाचून फाडलं. माझंही फाडा.

शांतपणे विचार करा. फलकावर ज्याचा फोटो आहे त्याच्याच गोठ्यातून ते दूध निघालं, हे बाहेर गेलं तर योजना दुसऱ्या दिवशी बंद होईल. मग अकराही घरं पुन्हा सिमेंटवर, पुन्हा पेंड, पुन्हा शेण ओढ्यात. तुम्हालाच तो ओढा साफ हवा होता ना? मोठ्या कामात एखाद्याचं थोडं नुकसान होतंच. शिवणबाईंचं मी बघतो. कंपनीला कापडी पिशव्या शिवून हव्या आहेत, ते काम त्यांना देऊ. वर्षभर पुरेल. पिशव्यांवर भुरीचा फोटो छापलेला असेल, पण त्याचं त्यांना काय.

आणि माझ्या नोकरीचं मी काहीच बोलत नाही, हे लक्षात घ्या.

ताईला फोन द्या.

तुमचा मेहुणा

२० मे

मेहुणेबुवा,

फोन तुझ्या ताईने घेतला नाही. डबा तिने माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, काय बोलायचं ते तुम्हीच बोला. म्हणून उशिरा का होईना, पुन्हा कागद.

तुझं पत्र मी फाडलं नाही. बैठकीत वाचून दाखवलं. आधी जे केलं ते सांगितलं, मग तुझी दोन्ही पत्रं वाचली, विसाची आणि अकराची. तुला राग येईल. येऊ दे.

मला वाटलं होतं, लोक अंगावर येतील. कुणी आलं नाही. एक जण म्हणाला, "आता कशाला उकरताय? मिटलं होतं ना सगळं." दुसरा म्हणाला, ओढा साफ आहे, टँकर येतोय, उगाच एका बाईपायी दहा घरं खाली बसतील. अगदी तुझेच शब्द, आणि त्यांनी तुझं पत्र तर नुकतंच ऐकलं होतं. मी विचारलं, तुमच्या वह्यांत औषधाचा रकाना कोरा आहे, तो खरंच कोरा आहे का? कुणी मान वर केली नाही. म्हणजे वर्षभर आम्ही सगळेच तसलं दूध त्या एका टँकरमध्ये ओतत होतो, आणि त्या दिवशी फक्त माझं सापडलं. अशी ओकारी आली की मी बाहेर जाऊन कठड्याला धरून उभा राहिलो. आतून कुणीतरी म्हणालं, याचं पोट बिघडलंय, तो काय बोलतो ते मनावर घेऊ नका. क्षणभर मला वाटलं, तेच बरं, पोटावर ढकलावं आणि घरी जावं.

परत आत गेलो आणि सही करून कागद दिला. त्याची एक प्रत तुझ्या मोठ्या साहेबांना टपालाने पाठवली. फलक उतरवले असतील, तुला माहीतच असेल. योजना मात्र बंद झाली नाही. तू सांगितलेलं तेवढंही खरं निघालं नाही. माझं घर वर्षभरासाठी गटाबाहेर, आणि टँकर शिवणबाईच्या दारात थांबतो. माझ्या गायी अजून कुरणातच आहेत. दूध बाजारात मिळेल त्याला देतो. खुरं भरून येत आहेत, एवढं एक बरं.

तुझ्याबद्दल काय ठरलं ते इथे कळलेलं नाही. ताई म्हणते, त्याला काढलं असेल तर इकडे ये म्हणावं. मीही म्हणतो. खड्डा खालीवर करायला माणूस हवाच आहे.

बैठकीला शिवणबाई नव्हती, तिला बोलावणंच नव्हतं. म्हणून मी तिच्या घरी गेलो. ती मशीनवर होती, पडद्याचं कापड शिवत होती. मी दारातून सगळं सांगितलं. तिने मशीन थांबवलं नाही. टीप शेवटपर्यंत नेली, दोरा दाताने तोडला, मग म्हणाली, "चाळीस दिवस लागले तुम्हाला."

तिच्या विकलेल्या दोन गायी व्यापाऱ्याकडून पुढे कुठे गेल्या, पत्ता नाही. मी म्हटलं, माझ्या गोठ्यातल्या कुठल्याही दोन घेऊन जा. ती म्हणाली, "नकोत. त्यांना काय काय टोचलंय, मला कुठे माहीत आहे?"

गटाने आता अकराही घरांच्या वह्या तपासायचं काम तिच्याकडे दिलं आहे. दुसरं कोण करणार होतं? वर्षभराने मला परत यायचं असेल तर रोज तिच्याकडून वही बघून घ्यायची, अशी अट आहे. धारा झाल्या की मी वही घेऊन जातो. ती मला उंबऱ्याबाहेर उभं करते. बसा म्हणत नाही. कालचं पान वाचते, आजचं वाचते आणि चष्म्यावरून बघून विचारते, आज काय लपवलंत? मी म्हणतो, काही नाही. मग ती शेऱ्याच्या रकान्यात सावकाश लिहिते, 'काही नाही, असं म्हणतात', आणि सहीसाठी वही माझ्यापुढे करते.

आज सोळावा दिवस. सोळाही दिवस तीच ओळ आहे आणि खाली माझी सही.

दाजी